गजांआडचा रोगी

घरांत एखाद्याला रात्रीं ताप भरला कीं काय होतें, हें प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. कोणी कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतें, कोणी गल्लींतल्या डॉक्टरांकडे धांवतें. सकाळपर्यंत उतार पडला नाहीं तर दुसरा डॉक्टर पाहिला जातो, औषध बदलतें, आणि फारच झालें तर रोग्याला उचलून रुग्णालयांत नेतात. या सगळ्या धांवपळींत घरचीं माणसें किती प्रकारचें स्वातंत्र्य वापरीत असतात, याची जाणीव त्यांना क्वचितच असते. वैद्य निवडण्याचें स्वातंत्र्य, तो बदलण्याचें, पथ्याचें अन्न शिजविण्याचें, नुसती खिडकी उघडण्याचेंहि. तुरुंगांतल्या माणसाजवळ यांपैकीं एकहि नसतें. त्याला ताप आला तर तो त्यानें पहारेकऱ्याला सांगावयाचा, आणि पहारेकऱ्याला तो खरा वाटला तर पुढें कळावयाचा. न्यायाधीशानें त्याला कोंडून ठेवण्याची शिक्षा दिलेली असते, आजारी ठेवण्याची दिलेली नसते. आणि पुष्कळांना तर अजून कोणतीच शिक्षा झालेली नसते. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, कच्चे कैदी होते: खटला चालू असलेले, कायद्याच्या दृष्टीनें अद्याप निर्दोष.

म्हणून तुरुंगांतील आरोग्याचा प्रश्न दयाधर्माचा म्हणून मांडला जातो, तेव्हां तो आरंभींच चुकतो. ज्यानें किल्ली आपल्या हातीं घेतली, त्यानें वैद्याकडे जाण्याचा रस्ताहि आपल्या हातीं घेतला, इतका हा साधा हिशेब आहे.

हा हिशेब इंग्लंडला शिकविला तो भीतीनें. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील तुरुंगांत एक ताप नेहमींचाच होऊन बसला होता; लोक त्याला 'तुरुंगी ताप' म्हणत. अंगावर पुरळ उठे, शुद्ध हरपे, आणि कांहीं दिवसांतच रोगी जाई किंवा वांचे. जोंपर्यंत हा ताप भिंतींच्या आंत होता, तोंपर्यंत त्याची वास्तपुस्त फारशी कोणी केली नाहीं. पण १७५० सालीं लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत, शेजारच्या न्यूगेट तुरुंगांतून आणलेल्या आरोपींबरोबर, तो न्यायासनापर्यंत चालत आला. दोन न्यायाधीश, खुद्द लंडनचे लॉर्ड मेयर, वकील, पंच, मिळून पन्नासांवर माणसें दगावलीं. पुढें न्यायालयांत सुवासिक वनस्पति पसरण्याची आणि न्यायाधीशांनीं हातीं फुलांचा गुच्छ धरण्याची चाल पडली. दुर्गंधि गेली म्हणजे रोग गेला, अशी तेव्हांची समजूत. खरें कारण मात्र उवांत होतें. हा टायफस ताप कपड्यांतल्या उवांमार्फत पसरतो, हें शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञानें ट्यूनिस येथें १९०९ मध्यें दाखवून दिलें. कोंदट खोली, न धुतलेले कपडे आणि एकमेकांना खेटून निजलेलीं माणसें, एवढें मिळालें कीं उवांना दुसरें कांहीं नको असतें.

ओल्ड बेलीच्या त्या प्रसंगानंतर वीसएक वर्षांनीं जॉन हॉवर्ड हा बेडफर्डशरचा शेरीफ झाला. शेरीफांनीं तुरुंग पाहावयाचे असा नियम होता. तो पाळण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. हॉवर्डनें ती घेतली, आणि मग तो थांबलाच नाहीं. इंग्लंडांतील एकामागून एक तुरुंग त्यानें पाहिले. त्याच्या कपड्यांना तेथला वास इतका लागे कीं बंद गाडींत बसणें असह्य होई, म्हणून तो घोड्यावरून प्रवास करी. टिपणवहीचीं पानेंहि शेकोटीसमोर पसरून ठेवल्याखेरीज हातीं घेववत नसत. फांशीं जाणाऱ्यांपेक्षां तुरुंगी तापानें मरणारे अधिक आहेत, हें त्यानें लोकांपुढें मांडलें. त्याच्या साक्षीनंतर १७७४ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला: भिंतींना वर्षांतून एकदां तरी चुना द्यावा, खोल्यांत वारा खेळूं द्यावा, आजाऱ्यांसाठीं पुरुषांची आणि स्त्रियांची निराळी खोली असावी, स्नानाची सोय असावी, वैद्य नेमावा. आज या यादींत नवें असें कांहींच वाटत नाहीं. परंतु कोंडलेल्या माणसाच्या प्रकृतीची जबाबदारी कोंडणाऱ्यावर आहे, हें त्या देशाच्या कायद्यानें येथें स्पष्ट शब्दांत मान्य केलें. हॉवर्डचें पुस्तक १७७७ मध्यें निघालें. १७९० मध्यें तो दूर खेरसोन येथें तापानें वारला. तो तापहि बहुधा तोच होता.

हिंदुस्थानांत इंग्रजी अंमलाबरोबर इंग्रजी पद्धतीचे तुरुंग आले आणि त्यांचे नियमहि आले. १८९४ च्या तुरुंग कायद्यांत वैद्यकाला दिलेली जागा आजहि वाचण्यासारखी आहे. प्रत्येक तुरुंगांत रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठीं योग्य जागा असली पाहिजे. जो कैदी वैद्याला भेटूं इच्छितो, किंवा ज्याची प्रकृति बिघडलेली दिसते, त्याची वर्दी पहारेकऱ्यानें विनाविलंब जेलरकडे दिली पाहिजे. श्रमाचें काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचें वजन निदान दर पंधरवड्यास करून तें त्याच्या तिकिटावर नोंदलें पाहिजे. यांतील शेवटच्या कलमामागें मोठें शहाणपण आहे. कैदी खोटें बोलेल, पहारेकरी खोटें बोलेल, रसद पुरविणारा ठेकेदार तर हमखास बोलेल. पण तागडी बोलत नाहीं. पंधरा दिवसांत एका बराकींतल्या वीस जणांचें वजन उतरलें, तर अन्नांत, पाण्यांत किंवा कामांत कांहीं तरी बिघडलें आहे, हें तक्रारीवांचूनच कळतें. इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक साक्ष दुसरी मिळणें कठीण.

त्याच काळांत मुंबईच्या एका तुरुंगानें सगळ्या जगाच्या वैद्यकाला एक देणगी दिली. १८९६ मध्यें शहरांत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्मे कैदी टोंचून घेण्यास पुढें आले. टोंचण्याच्या दिवशींच रोगाचीं लक्षणें दिसलेले कैदी वगळले, तर लस घेतलेल्यांपैकीं दोघांनाच प्लेग झाला आणि दोघेहि वांचले. न घेतलेल्यांत बारा जणांना झाला आणि सहा दगावले. एकच छप्पर, एकच अन्न, एकच पाणी. लस तेवढी कांहींजणांच्या अंगांत होती. असा तुलनेचा पुरावा बाहेरच्या वस्तींत मिळणें अवघड होतें. मात्र तुरुंगांतल्या माणसाची संमति कितपत मोकळी असूं शकते, हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्या मनांत फारसा आला नसावा. आज तो प्रथम विचारला जातो, आणि तेंच योग्य आहे.

तुरुंगांतल्या रोग्याचें खरें संकट कोठें असतें, हें पाहण्यास दुसरा एक प्रसंग उपयोगी पडेल. जानेवारी १९२४ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींच्या पोटांत दुखूं लागलें. आंत्रपुच्छाचा दाह होता. शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें आणि १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. मध्येंच वादळानें विजेचे दिवे गेले. हातबत्तीहि विझली, आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडांत उरकावा लागला. ५ फेब्रुवारीला सरकारनें त्यांची सुटका केली. ही कथा कंदिलासाठीं सांगितली जाते. परंतु तिच्यांतला महत्त्वाचा भाग येरवडा ते ससून हा कांहीं मैलांचा रस्ता आहे. तो रस्ता वेळेवर मोकळा झाला, म्हणून पुढचें सर्व झालें. कैदी कोण आहे हें सगळ्या देशाला ठाऊक होतें. ज्याचें नांव कोणालाच ठाऊक नसतें, त्या कैद्याच्या पोटांत त्याच जागीं दुखूं लागलें तर काय होतें?

तो प्रथम बराकींतल्या वॉर्डरला सांगतो. वॉर्डरचा अनुभव असा असतो कीं कामाची टाळाटाळ करणारे, बाहेरची हवा खाण्यास उत्सुक असलेले, रोज कांहीं तरी सांगतच असतात. तेव्हां पहिला निवाडा रोगाचा होत नाहीं, सत्याचा होतो. आणि तो करणाऱ्याला वैद्यकाचा गंध नसतो. पुढें कंपौंडर, मग डॉक्टर. दर तीनशें कैद्यांमागें एक डॉक्टर असावा असें मानलें गेलें आहे. वास्तवांत एका डॉक्टराच्या वांट्याला याच्या दुपटीहून अधिक कैदी येत असल्याचें दिसून आलें आहे, आणि कित्येक ठिकाणीं मंजूर जागाहि रिकाम्या असतात. डॉक्टरानें बाहेरच्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली तरी काम संपत नाहीं. कैद्याला नेण्यासाठीं पोलिसांची तुकडी लागते. ती तुरुंगाच्या हाताखालीं नसते, जिल्ह्याच्या पोलिसांकडून मागवावी लागते. गणेशोत्सव असतो, निवडणूक असते, कोणा मंत्र्याचा दौरा असतो. तुकडी त्या दिवशीं येत नाहीं, आणि रुग्णालयानें दिलेली तारीख निघून जाते. चिठ्ठीची पुन्हां नवी तारीख, पुन्हां मागणी. या सांखळींत कोणी एक माणूस दुष्ट असण्याची गरज नाहीं; प्रत्येकजण आपापलें काम नियमानें करतो आणि पोटांतलें दुखणें मात्र नियमाची वाट पाहत नाहीं.

सुधारणेचा विचार येथूनच व्हावयास हवा. रुग्णालयाला नेण्यासाठीं ठेवलेली पोलिसांची तुकडी दुसऱ्या बंदोबस्ताला लावतां येणार नाहीं असा नियम, आणि हुकलेल्या प्रत्येक तारखेची कारणासह नोंद, एवढ्यानें पुष्कळ फरक पडूं शकतो. विशेषज्ञांनीं ठराविक वारीं तुरुंगांतच यावें, हाहि एक मार्ग आहे. एका डॉक्टराला आंत आणणें हें तीस कैद्यांना बाहेर नेण्याहून सोपें असतें. अलीकडे दूरदर्शकाच्या पडद्यावरून तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची सोय ठिकठिकाणीं झाली आहे. त्वचेचे रोग, मनाचे रोग, मधुमेहासारखे वर्षानुवर्षें चालणारे रोग यांना ती उपयोगी आहे. पण पोट हातानें दाबून पाहावें लागतें, आणि पडद्याला हात नसतात.

उपचार म्हणजे औषधच असें नव्हे, हेंहि तुरुंगांत फार लवकर विसरलें जातें. चष्मा, कवळी, काठी, कंबरेचा पट्टा, या वस्तु आंत येतांना संशयाच्या ठरतात. जेझुइट पाद्री स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्यें अटक होऊन तळोजा तुरुंगांत ठेवण्यांत आलें, तेव्हां त्यांचें वय ८३ होतें. कंपवातानें त्यांच्या हातांत पेला ठरत नसे. पाणी पिण्यासाठीं नळी आणि झांकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयांत अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजीं, जामिनाचा अर्ज न्यायालयापुढें असतांनाच, मुंबईच्या एका रुग्णालयांत त्यांचें निधन झालें. त्यांच्यावरील आरोप खरे कीं खोटे हा निराळा विषय. त्याचा निकाल लागलाच नाहीं. नळीचा निकाल मात्र कोणत्याहि कंपौंडरला एका मिनिटांत करतां आला असता, जर तो करण्याचा अधिकार त्याच्याकडे असता.

हा अधिकाराचाच प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तुरुंगांतला डॉक्टर कोणाचा नोकर? त्याचा वरिष्ठ तुरुंगाचा अधीक्षक असेल, तर रोग्याला बाहेर पाठवावें, अमक्याला एकांत कोठडी सोसणार नाहीं, तमक्याच्या अंगावरचे वळ पडल्यानें उठलेले नाहींत, असें लिहितांना त्याचा हात अडखळणारच. चांगला माणूस असेल तरी अडखळेल. इंग्लंडांत १९४८ मध्यें सर्व नागरिकांसाठीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हां तुरुंग तीमधून वगळले गेले. त्यांची वैद्यकी तुरुंग खात्याकडेच राहिली. ती आरोग्यसेवेकडे पूर्णपणें सोंपविण्यास २००६ साल उजाडलें. नॉर्वेनें हें १९८८ मध्यें आणि फ्रान्सनें १९९४ मध्यें केलें होतें. नॉर्वेची पद्धति विचारांत घेण्याजोगी आहे: गांवाचा जो दवाखाना गांवकऱ्यांना पाहतो, तोच आपलीं माणसें तुरुंगांत पाठवितो. तुरुंगाची नोकरी ही वैद्यकांतली अडगळीची जागा राहत नाहीं, आणि डॉक्टराची बढती अधीक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून राहत नाहीं.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ मध्यें कैद्यांच्या वागणुकीचे जे सुधारलेले नियम मान्य केले, त्यांना नेल्सन मंडेला यांचें नांव आहे. बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची सेवा कैद्याला विनामूल्य मिळावी, आणि वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसांनींच घ्यावा, तो तुरुंगाच्या इतर अधिकाऱ्यांना फिरवितां येऊं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. खुद्द मंडेलांना १९८८ मध्यें तुरुंगांतच क्षय झाला होता. रॉबेन बेटावरच्या चुनखडीच्या खाणींत तर त्यांचे डोळे आधींच बिघडले होते. भारतांतहि सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें, बंगळूरच्या एका कैद्यानें पाठविलेल्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणांत, तुरुंगांच्या नऊ मोठ्या दुखण्यांची गणना केली. प्रकृतीची आणि स्वच्छतेची हेळसांड हें त्यांतील एक. २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तुरुंगांविषयीं नवा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला. कायद्याच्या बाजूनें, थोडक्यांत, उणें फारसें नाहीं.

त्या नऊ दुखण्यांत पहिलें होतें तें गर्दीचें, आणि तेंच बाकीच्यांची आई म्हणावें असें आहे. २०२२ च्या अखेरीस शंभरांच्या जागेंत सरासरीनें १३१ माणसें राहत होतीं. मोठ्या शहरांतले कित्येक तुरुंग या सरासरीच्या फार पलीकडे होते. क्षयाचा जंतु श्वासाबरोबर हिंडतो. बंद बराकींत संध्याकाळपासून सकाळपर्यंत तोच श्वास फिरत राहतो. तुरुंगांतील क्षयाचें प्रमाण जगांत सर्वसाधारण लोकवस्तीच्या सुमारें दहापट आढळलें आहे. मे २०२० मध्यें करोनाची सांथ मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत शिरली, तेव्हां ८०४ माणसांसाठीं बांधलेल्या त्या जागेंत अडीच हजारांहून अधिक माणसें होतीं. कांहीं दिवसांतच रोग्यांची संख्या, पहारेकरी धरून, शंभरीपार गेली. रोग्यांत पहारेकरीहि होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ओल्ड बेलीचा रस्ता अजून बुजलेला नाहीं. त्या वेळीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें राज्याराज्यांत समित्या बसल्या आणि हजारों कैदी तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर सोडले गेले. सांथीला उत्तर म्हणून न्यायालयानें जें दिलें तें मुख्यतः मोकळी जागा हेंच होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेंत, पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपांत अडकलेल्या कच्च्या कैद्यानें कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आंत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फांशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाहीं. वकील तिला न्यायाची तरतूद म्हणतील. क्षयाच्या डॉक्टरांनीं तिला आरोग्याची तरतूद म्हटलें तर तेंहि चूक ठरणार नाहीं.

स्त्रियांच्या बराकींत आणखी एक लहानसें जग असतें. सहा वर्षांपर्यंतचीं मुलें आईबरोबर राहूं शकतात. त्यांच्या लसी, दूध आणि बालवैद्य हीं तुरुंगाचींच कामें होतात. बाळंतपण शक्य तों बाहेरच्या रुग्णालयांत व्हावें, आणि आंत झालेंच तर जन्मनोंदींत तुरुंगाचें नांव येऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ मध्यें सांगितलें आहे. मनाच्या रोगांची हकीकत याहून बिकट आहे. तुरुंगांतील अनैसर्गिक मृत्यूंत आत्महत्या हेंच मुख्य कारण आहे, आणि धोक्याचा काळ पुष्कळदां पहिल्या कांहीं दिवसांचा असतो: घर सुटलेलें, दारूची किंवा अफूची सवय एकाएकीं तुटलेली, आणि शेजारीं अनोळखी माणसें. दाखल होतांना होणारी तपासणी ही केवळ जखमांची आणि तिळांची नोंद न राहतां तींत दोन शांत प्रश्नहि विचारले गेले, तर हे दिवस निभावून नेतां येतात. प्रत्येक राज्यांतील निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागांत मानसोपचाराचें केंद्र असावें, असें २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

दाखल होण्याचा दिवस जितका धोक्याचा तितकाच सुटण्याचा. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांची पाहणी २००७ मध्यें प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा संभव इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट होता. सर्वांत मोठें कारण मादक द्रव्यांचा अतिरेक. शरीराची सवय आंत मोडलेली असते आणि माणूस बाहेर पडून जुनीच मात्रा घेतो. भारतांत या जागीं बहुतेक वेळां क्षय उभा असतो. क्षयाचा नेहमींचा उपचार सहा महिन्यांचा. कच्च्या कैद्याचा जामीन कधीं मंजूर होईल तें कोणालाच सांगतां येत नाहीं. हुकूम संध्याकाळीं येतो, दरवाजावर नांव पुकारलें जातें, आणि तिसऱ्या महिन्यांतला रोगी आपली पिशवी उचलून रेल्वे स्टेशनाकडे चालूं लागतो. गोळ्यांचें पाकीट रुग्णालयाच्या कपाटांतच राहतें. पुढच्या गांवीं त्याच्या रोगाची खबर कोणाला नसते. उपचार तुटतो आणि अर्धवट मेलेला जंतु औषधाला दाद देईनासा होतो. तो जंतु मग त्याच्या मुलांच्या छातींत जातो, ज्यांनीं तुरुंग कधीं पाहिलेलाहि नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाहीं. उपचार चालू असलेल्या प्रत्येक कैद्याचें एक कार्ड आणि निदान पंधरा दिवसांच्या औषधांची पुडी आधींच बांधून ठेवावी. कार्डावर त्याच्या गांवाजवळच्या सरकारी दवाखान्याचें नांव असावें, आणि त्या दवाखान्याला त्याच दिवशीं निरोप जावा. हें काम तुरुंगाच्या रुग्णालयाचें समजलें जावें. त्यासाठीं एवढेंच लागतें कीं सुटकेचा हुकूम आला म्हणजे दरवाजावरच्या कारकुनानें कोणाला बोलवावयाचें त्या यादींत कंपौंडरचेंहि नांव असावें.